रातराणीचा थांबा

"मांजर कुठं जातं ते शोधा, आणि मग मला येऊन सांगा."

डॉक्टर मुजावर बाईंचा आवाज मुळातच शांत. दूध कुठल्या डेअरीचं घेता असं विचारावं, तितक्या सहज त्या हे बोलल्या. मी त्यांच्या समोरच्या स्टुलावर पदर सावरून बसले होते. शेजारच्या खुर्चीत माझे सासरे, दादा, मफलर गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते.

"जातं म्हणजे?" दादांनी विचारलं.

"शी करायला, काका."

दादांनी मान डोलावली. त्यांचा उभा जन्म एसटीत गेलेला. कराडच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या काचेच्या खोलीत बसून माईकवर गाड्या पुकारण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नव्हता.

"म्हणजे मार्ग काढायचा मांजराचा," ते म्हणाले. "आणि थांबा."

"तसंच समजा."

"सोपं आहे. पाटण आगारातल्या गाड्यांपेक्षा मांजर बरं. निदान रोज जातं."

बाई हसल्या. मला मात्र हसू येत नव्हतं. आदल्या वर्षी माझं पाचव्या महिन्यात गेलं होतं. कशानं गेलं ते कुणाला नीट सांगता आलं नव्हतं. आता पुन्हा दिवस राहिले होते, तिसरा सरत आला होता, आणि मी पायरी उतरतानासुद्धा भिंतीला हात लावून उतरायची. म्हणूनच बाईंनी या खेपेला माझं रक्त पुण्याला तपासायला पाठवलं होतं. त्याचा कागद आज त्यांच्या टेबलावर होता, आणि मांजराचा विषय त्यावरूनच निघाला होता.

"बाकी सगळं छान आहे," त्या मला म्हणाल्या. "एकाच गोष्टीची काळजी घ्यायची. टॉक्सोप्लाझ्मा म्हणून एक जंतू असतो."

"टाक्सो..." दादा अडखळले.

"नाव राहू द्या काका, मुक्काम लक्षात ठेवा. मांजरानं उंदीर, पाखरं खाल्ली की तो त्याच्या पोटात जातो, आणि शीतून बाहेर पडतो. ताजा असताना त्याचं काही चालत नाही. एकदोन दिवस मातीत राहिला की मग तो तयार होतो. आणि तयार झाला की महिनोन् महिने मातीत टिकतो. हाताला लागला, तोंडात गेला, की माणसाला होतो."

"मग गेल्या वेळचं त्यानंच गेलं का हो?" मी विचारलं. हा प्रश्न मी कितीतरी दिवस कुणाला ना कुणाला विचारत होते.

बाईंनी पुढं वाकून माझ्या हातावर हात ठेवला. "नाही. तुमच्या रक्तात त्याची खूणच नाही. तुम्हाला तो कधी झालेलाच नाही. खरं सांगायचं तर आधी होऊन गेला असता तर मी आज निर्धास्त असते. एकदा होऊन गेला की शरीर त्याला ओळखतं, मग बाळाला सहसा भीती नसते. तुमची ओळखच नाही. म्हणजे आता बाळंत होईपर्यंत गाठ पडू द्यायची नाही. तुम्हाला झाला तर फार तर अंगात कणकण येईल, कळणारसुद्धा नाही. पण बाळापर्यंत पोचला तर त्याच्या डोळ्यांना, मेंदूला धोका असतो. कधी कधी बाळ राहत नाही."

एवढं सांगून त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली.

"मांस वगैरे, अर्धवट शिजलेलं?"

"आम्ही खात नाही."

"भाजी, कोथिंबीर धुऊन घेता? नीट, वाहत्या पाण्यात?"

"घेते."

"मातीत काम? बाग, कुंड्या?"

"नाही. परसबाग माई बघतात. मी पूजेपुरती फुलं काढते."

"मांजर?"

मी दादांकडं पाहिलं. दादा वरच्या पंख्याकडं पाहत होते.

मांजर होतं. दिवाळीच्या आधी दादांनीच ते स्टँडच्या पार्सल ऑफिसातून कोटाच्या खिशात घालून आणलं होतं. करड्या अंगाची, पांढऱ्या पंजांची ती पोर दिवसभर दादांच्या आरामखुर्चीत झोपायची आणि अंधार पडला की निघायची ती पहाटेच परतायची. म्हणून दादांनी तिचं नाव रात्रीच्या गाडीवरून ठेवलं, रातराणी.

"तिला घरातून काढायचं का?" मी विचारलं.

"कशाला? तिला कुरवाळल्यानं काही होत नाही, हात धुवा म्हणजे झालं. ती मागं काय ठेवते आणि कुठं ठेवते, एवढाच प्रश्न आहे. थांबा सापडला की तिथं तुम्ही फिरकायचं नाही. आणि रोजच्या रोज ते दुसऱ्या कुणीतरी उचलायचं."

"कुणी?" दादांनी विचारलं.

"मांजर कुणी आणलं, काका?"

घरी आल्यावर माईंनी सगळं ऐकून घेतलं. माई म्हणजे माझ्या सासूबाई. संधिवातानं त्यांच्या हातांची बोटं वाकली होती. दोन्ही तळवे उपरण्यात गुंडाळून त्या चुलीपुढं शेकत बसल्या होत्या.

"त्यात शोधायचं काय आहे?" त्या म्हणाल्या. "पोत्यात घाला आणि नदीपलीकडं सोडून या."

"डॉक्टरीणबाईंनी थांबा शोधायला सांगितलाय," दादा म्हणाले, "गाडी रद्द करायला नाही."

"तुम्हाला पोरीच्या पोटातल्यापेक्षा मांजर जास्त का हो?"

दादांनी खाली बसून बूट काढले. ते ठेवता ठेवता हळूच म्हणाले, "ते विचारू नकोस गं. त्याचं उत्तर तुला ठाऊक आहे."

माईंनी उपरणं पुन्हा घट्ट गुंडाळलं. विषय तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून दादांची नोकरी सुरू झाली. त्यांचा एरवीचा क्रम ठरलेला असायचा. उठायचं, तोंड धुवायचं, मफलर बांधायचा, दारात उभं राहून "कराड स्टँडकडं जाणारे प्रवासी निघत आहेत" असं अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं पुकारायचं आणि पहिल्या गाड्या सुटताना बघायला स्टँडवर जायचं. तिथल्या कॅन्टीनमधला चहा प्यायल्याखेरीज त्यांचा दिवस उजाडत नसे. घरचा चहा त्यांना चालायचा नाही असं नाही. पण त्यात डिझेलचा वास नाही, असं ते म्हणायचे. माई नि मी त्या वेळी आपापल्या पूजेत असायचो. देवघराकडं दादा कधी वळायचे नाहीत. "ते खातं तुमच्याकडं," म्हणायचे, "माझ्याकडं फक्त वाहतूक."

आता रातराणी परतायच्या वेळेला ते परसदारी, धुण्याच्या दगडाआड पालथ्या बादलीवर घोंगडी पांघरून बसू लागले. चहा लांबला. पहिल्या दिवशी त्यांना बादलीवरच डुलकी लागली, आणि रातराणी येऊन त्यांच्याच मांडीवर झोपली.

"काय निघालं?" माईंनी विचारलं.

"गाडी आगारात उभी होती."

दुसऱ्या दिवशी मात्र ते मोठ्या उत्साहानं आत आले. मी नुकतीच पूजा आटोपून देवघरातून बाहेर पडत होते.

"वैजू, सापडलं. गाडी जोगांच्या भिंतीवरून पलीकडं उतरते. म्हणजे दुसऱ्या विभागात. आपला काही संबंध नाही."

"जोगांकडं जाऊन काय करते ते पाहिलंत का?"

"भिंत उंच आहे गं. या वयात भिंतीवर चढलो तर जोगीण ओरडेल."

"ओरडू दे," माई आतून म्हणाल्या. "तिला तरी कुणीतरी भिंतीवरून बघितल्याचं समाधान."

शेवटी दादा फाटकातून रीतसर जोगांकडं गेले आणि त्यांच्या अंगणात मांजर काय करतं याची चौकशी करून आले. उत्तर मिळालं ते असं: जोगांच्या सूनबाई रोज रातराणीला दूध घालत होत्या. ती तिथं फक्त नाश्त्याला थांबत होती.

"म्हणजे विनंती थांबा," दादा हिरमुसून म्हणाले. "खरा थांबा वेगळाच आहे."

माझं पोट अजून दिसत नव्हतं, पण पदराखाली हात नकळत तिथंच जायचा. त्या दिवसांत मला झोप कमी लागायची. बाईंनी सांगितलेलं आठवायचं. कळणारसुद्धा नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. मग मी उठून जप करायची. एक माळ, दोन माळा. पहाट झाली की अंघोळ करून पूजेच्या तयारीला लागायची.

माझा नेम होता. आदल्या वर्षी दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी महादेवापुढं शब्द दिला होता: पुन्हा कूस उजवून मूल हाती येईपर्यंत रोज सकाळी स्वतःच्या हातानं पार्थिव करून पूजीन. तेव्हापासून त्यात एका दिवसाचाही खंड पडला नव्हता. मी त्याचा गवगवा करत नसे. माईंना माहीत होतं, ह्यांना माहीत होतं. हे नोकरीनिमित्त कोल्हापूरला असायचे, शनिवारी यायचे, आणि रविवारी मी पूजा करताना दाराशी उभे राहून बघायचे. नेमाचं नेमकं काय, कसं, हे बाकी कुणी कधी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशीची गोष्ट. थंडी चांगलीच पडली होती. मी ओलेत्यानं अंघोळीच्या खोलीतून निघाले, लुगडं नेसले, तांब्याचं ताम्हन घेतलं आणि नेहमीप्रमाणे परसदारच्या छपराकडं निघाले. दगडाआडून घोंगडी हलली आणि दादांचा हात वर आला. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि मला जवळ बोलावलं.

मी त्यांच्यामागं जाऊन उभी राहिले. जोगांच्या भिंतीवरून रातराणी खाली आली. दुधानं तोंड भिजलेलं. पेरूच्या झाडाशी थांबून तिनं नखं घासली. तुळशीला वळसा घातला. मग सावकाश, घरच्या मालकिणीसारखी, छपराखाली गेली. तिथं एक पिंप होतं, मधोमध आडवं कापलेलं, भिंतीला टेकवून ठेवलेलं. तिनं काठावर उडी मारली, आत उतरली. आतली माती पंज्यानं बाजूला केली. फक्त पाठ दिसत होती आणि सरळ ताठ शेपूट. तिचं झालं. मग तिनं वळून वास घेतला आणि चारी बाजूंनी माती ओढून इतकं नीट झाकलं, की वर एक सुबक उंचवटा तयार झाला. मग अंग झाडून ती स्वयंपाकघराकडं गेली.

"शेवटचा थांबा," दादा कुजबुजले. आनंदानं त्यांना हसू आवरत नव्हतं. "वैजू, सापडला. बघितलंस का कशी मऊ माती शोधून काढलीय? मैद्यासारखी. कुणी ठेवलीय ती तिथं?"

मी ताम्हन पदराआड घेतलं.

तेव्हा त्यांनी माझ्या हातातल्या ताम्हनाकडं पाहिलं.

"ती माती कशाला आहे गं?"

"पार्थिवाला," मी म्हटलं. "मी चाळून ठेवते. खडा लागू नये म्हणून. तुळशीतली घेते, दोनदा चाळते."

"पार्थिव म्हणजे कणकेचं नसतं?"

"मातीचं असतं, दादा."

"रोज?"

"रोज. भिजवायची, मळायची, लिंग करायचं."

"हातानं?"

मी मान हलवली. त्यांचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. ते घोंगडी सावरत उठले होते ते पुन्हा बादलीवर बसले.

"आणि मग?"

"मग पूजा. बेल. उत्तरपूजा झाली की विसर्जन करते, तुळशीत." मी थांबले. पुढचं सांगताना माझाच आवाज मला ऐकू येईना. "आणि तीर्थाबरोबर चिमूटभर जिभेवर ठेवते. माझ्या माहेरची रीत आहे."

परसदारी कोंबडा आरवला. रातराणी स्वयंपाकघरात शिरली असावी, कारण माईंचा "हड" असा आवाज आला.

"चल," दादा उठत म्हणाले. "आधी हात धू. साबणानं. ताम्हन इथंच ठेव. मी रिक्षा आणतो."

मुजावर बाईंनी दवाखाना उघडलासुद्धा नव्हता. त्या अंगणात नातवाचे केस विंचरत होत्या. आम्हाला पाहून कंगवा तसाच हातात धरून आत आल्या. मी सगळं सांगितलं. सांगताना एकदा रडू आलं, पण पुरं सांगितलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या, रागावून नाही. "मातीत काम करता का म्हणून."

"हो. पण ती माती नाही वाटली हो मला. ती देवाची."

बाईंनी हातातला कंगवा टेबलावर ठेवला. "देवाचीच आहे," मग म्हणाल्या. "पण ते रातराणीला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, कुणीतरी रोज आपल्यासाठी इतकी मऊ माती चाळून ठेवतंय. घरची माणसं चांगली आहेत."

दादांना खोकल्यासारखं हसू आलं, आणि मग मलाही, रडता रडता.

त्यांनी रक्त घेतलं. पुण्याहून उत्तर यायला काही दिवस लागतील म्हणाल्या. "तोवर डोक्यात काही आणू नका. तिच्या पोटात तो जंतू असेलच असं नाही, आणि असला तरी थोडे दिवसच बाहेर पडतो. लागलाच असं समजायचं कारण नाही. आणि लागलेला निघालाच, तर औषधं आहेत. लवकर कळणं महत्त्वाचं, ते आपल्याला कळलंय. मात्र आजपासून मातीला हात नाही. तोंडात तर नाहीच नाही."

"भाजून घेतली तर?" मी विचारलं.

"कुणाची कढई कधी अर्धी कच्ची राहील, सांगता येत नाही. नको. नेम सोडा असं मी म्हणणार नाही, तो माझा प्रांत नाही. माती तेवढी सोडा. बाकीचं तुम्ही आणि तुमचा महादेव बघा."

घरी येऊन दादांनी हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून पिंप रिकामं केलं. माती लांब, ओढ्याच्या कडेला खोल खड्डा खणून पुरली. पिंप उकळत्या पाण्यानं धुतलं आणि पालथं घातलं. रातराणीसाठी छपराच्या दुसऱ्या टोकाला वाळूचं खोकं आलं. ते रोज सकाळी दादाच साफ करू लागले. "आगाराची झाडलोट," असं ते म्हणायचे. माईंनी मांजराला सोडून यायचं नाव पुन्हा काढलं नाही. मी सांगितलं त्यांना, तिची चूक नाही म्हणून. त्या म्हणाल्या, "माझी तरी कुठं आहे? तरी शिव्या मला पडतात." पण त्या दुपारी त्यांनी भाकरीचा तुकडा दुधात बुडवून खोक्याशेजारी ठेवलेला मी पाहिला.

माझी पूजा मात्र अडली.

पहिल्या दिवशी माईंनी कणकेचं करायला सांगितलं. देवाला चालतं म्हणाल्या. चालतंच. मी केलंही. पण बेल वाहताना हात थांबला. मी देवाला शब्द मातीचा दिला होता. मग मी ताम्हन रिकामं ठेवलं, त्यावर बेल ठेवला आणि डोळे मिटून मनातच पार्थिव केलं. मन कधी कधी हाताइतकं मऊ मळत नाही. मध्येच पुण्याचं उत्तर आठवायचं आणि मनातला गोळा भुगा होऊन पडायचा.

त्या दिवसांत दादा फार पुकारत होते. मला कळायचं, का ते. आत्तापर्यंत कधी न सुटलेल्या गाड्यासुद्धा त्यांनी सोडल्या. "कराड-काशी, मार्गे माईंचं स्वयंपाकघर, फलाटावर लागली आहे." "कराड-कैलास, जेवण झाल्यावर सुटेल." माई म्हणायच्या, "त्या कैलासच्या गाडीत बसा एकदाचे." मी हसायची. रात्री अंथरुणावर पडलं की घर एकदम शांत व्हायचं, आणि भिंतीपलीकडं दादा कुशीवर वळतायत ते ऐकू यायचं.

उत्तर आलं त्या दिवशीही ते माझ्याबरोबर होते. बाईंनी लिफाफा फोडला, वाचला, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तुमची त्याची अजून ओळख नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा बघू, रक्ताला सांगायला थोडा वेळ लागतो. पण मला भीती वाटत नाही."

दादा उठून उभे राहिले. काही पुकारतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त मफलर सोडला आणि पुन्हा बांधला. मग म्हणाले, "गाडी वेळेवर आहे म्हणायची."

"वेळेवर आहे, काका."

पुढच्या महिन्यातही काही निघालं नाही, आणि त्याच्या पुढच्याही. ज्येष्ठात मुलगी झाली. टपोऱ्या डोळ्यांची, पहिल्याच दिवशी खिडकीकडं टक लावून बघणारी. तिचं नाव हिरकणी ठेवायचं असा दादांनी बराच हट्ट धरला होता. "सेमी लक्झरी आहे," म्हणायचे. आम्ही तन्वी ठेवलं. तीच तन्वी आता नाशिकला असते. तिचं स्वतःचं मांजर आहे, आणि तिला तिसरा लागलाय. परवा तिनं फोनवर विचारलं, "आई, मनूला कुणाकडं ठेवू का गं?" मी तिला मुजावर बाईंचंच सांगितलं, आधी ती कुठं जाते ते बघ, आणि मग तुझ्या डॉक्टरांना विचार. आणि ती हसायला लागली, तेव्हा ही सगळी गोष्ट सांगितली.

तिला सगळ्यात जास्त आवडलं ते पहिलं उत्तर मिळालं त्या दिवशीचं, परतीच्या रिक्षातलं.

रिक्षात दादा बराच वेळ बाहेर बघत होते. कृष्णा नाक्याजवळ गर्दीत रिक्षा थांबली तेव्हा म्हणाले, "त्याला मातीचंच लागतं का गं?"

"कुणाला?"

"तुझ्या महादेवाला."

"त्याला काहीच लागत नाही हो. मीच तसा शब्द दिलाय."

"हातानं करीन म्हणून?"

"हो."

"कुणाच्या?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते अजून बाहेरच बघत होते.

"माझ्याच म्हटलं होतं," मी म्हटलं. "पण बाईमाणसाला अडचण असते, आजारपण असतं. अशा वेळी घरच्यांनी केलं तर चालतं. फळ कमी होत नाही म्हणतात."

"घरच्यांत कोण कोण येतं?"

"हे येतात. पण ते शनिवार-रविवारीच घरी असतात. माई येतात, पण त्यांना मूठ वळत नाही."

"आणि?"

रिक्षा हलली. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. "आणि तुम्ही येता, दादा."

"मला मंत्र येत नाहीत."

"मंत्र मी म्हणेन. तुम्ही फक्त माती आणायची, मळायची, लिंग करायचं. मी लांबून सांगेन."

"माती घरची नको. तिथं पुन्हा कुणाचा थांबा निघायचा."

"संगमावरची आणतात काही जण."

"रोज?"

"मूल हाती येईपर्यंत."

"अंघोळ करून?"

"अंघोळ करून. सोवळ्यानं. आणि..." मला पुढचं बोलवेना.

"आणि काय? सांग, सांग."

"चहाच्या आधी."

स्टँड आला, डावीकडं मागं गेला. आत दुपारची साताऱ्याची गाडी लागलेली दिसत होती, कॅन्टीनच्या दाराशी ग्लास धुतले जात होते. दादांनी मान वळवून ते सगळं बघून घेतलं.

"चहाच्या आधी," ते म्हणाले. "बरं. संकल्प तुझा, हात माझे. शब्द दिला."

रात्री जेवताना मी माईंना सांगितलं. माई हसता हसता जेवायच्या थांबल्या. "हे? ह्यांना पोळपाट कुठला आणि लाटणं कुठलं ते सांगावं लागतं. लिंग करायला बसले तर गिअरची मूठ होईल. आणि उद्या पहाटे बघ तू, तोंड धुतील नि सवयीनं स्टँडकडं चालू लागतील. पायांना दुसरा रस्ता ठाऊक नाही त्यांच्या."

दादांनी भाताचा घास घेतला, आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीघरात पाण्याचा आवाज आला, म्हणून मी उठले. बाहेर अजून उजाडत होतं. मी देवघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. रातराणी जोगांच्या भिंतीवर बसून पंजा चाटत होती.

दादा बाहेर आले. अंगावर माईंच्या पेटीतलं जुनं सोवळं, जरीची कड विटलेली, पोटाशी नीट न खोवलेलं, एका हातानं धरलेलं. केस ओले. थंडीनं खांदे आवळलेले. त्यांनी फाटकाशी ठेवलेली तांब्याची कळशी उचलली.

माई माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या. "आता पुकारतील बघ," त्या हळूच म्हणाल्या.

आमच्या फाटकातून उजवीकडं गेलं की स्टँड, आणि डावीकडं उतार, संगमाचा.

फाटकाची कडी वाजू नये म्हणून दादांनी ती सोवळ्याच्या टोकात धरून उचलली. बाहेर पडून फाटक हलकेच लावलं. क्षणभर थांबून सोवळं खोचलं. स्टँडवर कुठल्याशा गाडीचा हॉर्न वाजला. त्यांनी तिकडं पाहिलं नाही. मग कळशी छातीशी धरून, अनवाणी, काही न पुकारता ते डावीकडं वळले.